थंडीवर विश्वास नसलेले अण्णा

साऱ्या हुमनाबादेत थंडीवर विश्वास नसलेला एकच माणूस होता, आणि तो नेमका बर्फाच्या कारखान्यात मिस्त्री होता. वडिलांचे ते बालमित्र. आम्ही त्यांना अण्णा म्हणत असू. "लई थंडी पडली" असं कुणी नुसतं म्हटलं की अण्णांचा पारा चढे. "थंडी अशी चीजच न्हाई! ऊब असतीय, न्हाईतर दुसरीकडं गेलेली असतीय." मग ते कुठूनतरी सायकलचा पंप आणत, समोरच्याला तो मारायला लावत आणि तापलेल्या नळीवर त्याचा हात दाबून धरत. "वायू दाबला की तापतोय, सोडला की गारठतोय. आमची मशीन पाण्यातली ऊब उचलतीय अन् मागच्या खोलीत नेऊन टाकतीय. ऊब गेलेलं पाणी म्हंजी बर्फ." लग्नाच्या पंगतीतही हेच. एकदा मयताच्या घरी त्यांनी हे सुरू केलं, तेव्हा वडिलांनी त्यांना दंडाला धरून बाहेर आणलं.

एका पौषात माझी थोरली बहीण अक्का बाळंतपणाला माहेरी आली आणि आठव्या महिन्यातच मोकळी झाली. मुलगी मूठभर, पाय सदा गार. शेगडी ठेवावी तर धुरानं तिचा श्वास अडके, न ठेवावी तर ओठ निळे पडत. वैद्यांनी नकारार्थी मान हलवली. आईनं देव पाण्यात ठेवले. तेवढ्यात अण्णा आले आणि म्हणाले, "कारखान्यात आणा तिला." आई भडकलीच. "लेकरू गारठायलंय अन् तुम्ही बर्फात न्यायला निघालाव? कामून तिच्या जिवावर उठलाव?"

"वहिनी, बर्फ पुढं निघतोय. लेकरू मागच्या खोलीत ऱ्हाईल."

आईला पटलं नाही. पण अक्का मुलीला पदराखाली घेऊन उठली, तेव्हा आईही मागोमाग निघाली.

हिवाळ्यात कारखाना बंद असे. निघालेला बर्फ वाया जाऊ नये, एवढ्याच अटीवर मालकानं परवानगी दिली. मागच्या खोलीत भिंतभर नळ्या होत्या. त्या गार राहाव्यात म्हणून उन्हाळ्यात त्यांच्यावर पाणी सोडत. ते पाणी अण्णांनी बंद ठेवलं, इंजीन सुरू केलं आणि वायू गळत नाही ना म्हणून एकेक सांधा मांजरासारखा हुंगला. दुपारपर्यंत खोली ऊबदार झाली, तीही बिनधुराची. पुढच्या दारी मात्र बर्फाच्या लाद्या! ऐन कडाक्यात अण्णा त्या घरोघरी वाटत सुटले. घोंगडीतून कुणी हात बाहेर काढेना. "घ्या की! ह्यातली ऊब आपल्या पोरीला दिलीय," ते म्हणत. पहिले दोन दिवस लोक हसले. मग हळूहळू गावाला कळलं, की बर्फ आला म्हणजे मुलगी अजून आहे. शेजारची एक म्हातारी तर पहाटेच दारात उभी राहून विचारू लागली, "आज बर्फ निघाला का ओ?" कुडकुडत ती बोटभर तुकडा घ्यायची आणि कपाळाला लावायची.

पंधराव्या दिवशी आईनं मुलीचे तळवे हातात घेतले आणि हमसाहमशी रडत ओरडली, "गरम हाईत की ओ पाय!" आमचा सगळ्यांचा जीव भांड्यात पडला.

माघ सरता सरता अक्का मुलीला घेऊन मंठाळला सासरी गेली. गाडी दिसेनाशी झाल्यावर वडील कारखान्यात गेले, तर इंजीन अजून धडधडत होतं. अण्णा रिकाम्या खोलीत नळीवर हात ठेवून बसले होते.

"आता कामून चालू ठेवलास रे?"

"बंदच करायलो होतो," अण्णा म्हणाले. "पर तिची खोली एकदम गार करू वाटंना."