पिचकारीची कवळी

धक्क्यावरच्या त्या नावाड्याला सगळे पिचकारी म्हणत. त्याच्या बोटीचं इंजिन नदीचंच पाणी पिऊन थंड राहायचं. पण रात्रभर बोट उभी राहिली की नळीतलं पाणी उतरून जायचं आणि आत नुसती हवा उरायची. तसंच इंजिन चालू केलं, तर पंपातली रबरी पाती कोरडी फिरून करपायची. वरून तांब्याने पाणी ओतावं, तर नळीच्या तळाची झडप गळकी. ओतलेलं सरळ नदीत. म्हणून पिचकारी रोज सकाळी नळी पंपापासून सोडवायचा, तोंडात धरायचा आणि डोळे मिटून ओढायचा. नदी सावकाश वर यायची, त्याच्या गालांत भरायची. मग अंगठ्याने नळी दाबून तो ती पंपाला जोडायचा आणि गालांतलं पाणी लांबवर उडवायचा. त्या धारेच्या पल्ल्यात उभं राहायचं नाही, हे धक्क्यावरच्या कुत्र्यांनाही ठाऊक होतं.

तोंडात दात औषधालाही नव्हता. त्यामुळे ओठ नळीला असे चिकटायचे की हवेची काय बिशाद आत शिरायची!

त्या दिवशी पलीकडच्या कारखान्याचे साहेब येणार होते. कामगारांची रोजची फेरी कुणाला द्यायची, ते ठरायचं होतं. पिचकारीच्या मेहुण्याची बोट नवी, बटणावर सुरू होणारी, पण लहान. पिचकारीच्या बोटीत सगळे कामगार एका खेपेत मावत, पण इंजिन जुनाट. फेरी हातची गेली, तर बोट विकून मेहुण्याच्या हाताखाली दोर ओढायची पाळी.

बायकोने त्यावर स्वतःचा उपाय काढला होता. दवाखान्यात नेऊन नवऱ्याला कवळी बसवून आणली होती.

"ते बोळकं घेऊन साहेबांसमोर उभे राहिलात तर याद राखा. संध्याकाळपर्यंत कवळी काढायची नाही."

पांढऱ्याशुभ्र दातांचा पिचकारी धक्क्यावर आला, तेव्हा उसन्या घोड्यावर बसल्यासारखा दिसत होता. साहेब बोटीत बसले, बायको बसली. पिचकारीची म्हातारी आईही मजा बघायला काठी टेकत येऊन बसली.

"कारखान्याचा भोंगा व्हायच्या आत इंजिन चालू झालं, तर फेरी तुमची," साहेब म्हणाले. "नाहीतर मेहुण्यांची."

पिचकारीने नळी तोंडात धरली. ओढली. फुर्रर्र! दात आडवे आले, ओठ मिटेनात, पाण्याऐवजी हवाच आली. पुन्हा ओढली. पुन्हा फुर्रर्र.

"दाजी," शेजारच्या बोटीतून मेहुणा ओरडला, "इंजिन चालू करताय की बासरी वाजवताय?"

"मेहुण्या, तुझ्या बटणाला..." पुढचे शब्द घसरलेल्या कवळीखाली चिरडले.

"अरे, काढ की तो ऐवज बाहेर!" म्हातारी कडाडली.

पिचकारीने बायकोकडे पाहिलं. बायको कारखान्याच्या धुराड्याकडे बघत होती. काय वाटलं कोण जाणे, तिने झटकन पदर पसरला.

"टाका यात. आणि ओढा आता, बघता काय माझ्या तोंडाकडे?"

कवळी पदरात पडली. गाल आत गेले, डोळे मिटले, नळी कुरकुरली आणि नदी वर आली. पिचकारीने नळी पंपाला ठोकली, कळ फिरवली. इंजिन खोकलं, थरथरलं, आणि बाजूच्या पाइपातून पाण्याची जाड धार पडू लागली. तेवढ्यात भोंगा झाला. पिचकारीच्या गालांत अजून पाणी होतंच. त्याने मान मेहुण्याच्या बोटीकडे वळवली आणि हिशेब चुकता केला.

साहेब पोट धरून हसले. मग जरा सावरून म्हणाले, "फेरी तुमची. पण तुम्ही आजारी पडलात तर?"

मेहुणा अंग पुसत म्हणाला, "तेच म्हणतो ना साहेब मी! हे काम दुसऱ्या कुणाला जमेल?"

"का नाही जमणार?" बायको फणकारली. "आमच्या घरात बिनदाती माणसं काय कमी आहेत? सासूबाई, दाखवा हो साहेबांना."

म्हातारीने आ वासून दाखवलं. आत काही म्हणजे काही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी म्हातारी आपणहून बोटीत आली, इंजिनाजवळ ठाण मांडून बसली आणि नळी मागितली. तेव्हापासून ती नळी लेकाच्या हाती लागू देत नाही. पिचकारी बिचारा सुकाणू धरून, कवळी घालून, कामगारांकडे बघून हसत उभा असतो. मेहुणा हल्ली आपली बोट चार हात लांब बांधतो. म्हातारीची धार लेकापेक्षा लांब जाते.