रोवण्यातली गोळी

चंद्रपूर सुटलं तरी कोळशाची धूळ नाकातून जाईना. मुलचेऱ्याच्या एसटीत मी मांडीवर बर्फाची पेटी घेऊन बसलो होतो. मूत्रपिंडातल्या केसाहून बारीक रक्तवाहिन्या, त्यांच्या पेशींच्या पडद्यात बसलेली प्रथिनं, आणि ती रक्ताचा दाब ओळखून वाहिनी कशी आवळतात, कशी सैल सोडतात, यातच माझी उमेदीची वर्षं गेली. सगळी उंदरांवर. माणसांच्या लघवीचे नमुने घ्यायला पहिल्यांदाच निघालो होतो, आणि आष्टीला वैनगंगा ओलांडेपर्यंत बर्फाचं पाणी होऊन पँट भिजली. मी शहाण्यानं झाकणच नीट लावलं नव्हतं!

गावातल्या आशा कार्यकर्त्या प्रतिभाताईंकडे भात आणि तरोट्याची भाजी (टाकळ्याचा पाला) जेवलो. मग त्यांनी मला कौसल्याबाईंच्या घरी नेलं. सून वनिता खाटेवर पडून होती. तिशीही उलटली नसेल, पण पाय सुजलेले, बोलतानाही दम लागायचा. आठवड्यातून दोनदा डायलिसिसला चंद्रपूर, तेही ह्याच एसटीनं.

सासू रोवण्यावर (भातलावणीवर) होती. बांधीत (भाताच्या खाचरात) नऊ बायका वाकून एका ओळीत मागे सरकत होत्या. एक जरी थांबली तरी ओळ मोडते. चहाच्या वेळी कौसल्याबाईंनी पदराच्या गाठीतून दुखण्याच्या गोळ्यांचं पाकीट काढलं आणि एकेकीच्या हातावर गोळी ठेवू लागल्या. कंबर दुखायच्या आधीच घ्यायची, अशी त्यांची रीत. वनिता कामावर यायची तेव्हा सगळ्यांत चपळ, म्हणून तिला रोज दोन असायच्या. पाणी मात्र कुणी पीत नव्हतं. उघड्या बांधीत लघवीला आडोसा कुठे शोधायचा, असं प्रतिभाताई म्हणाल्या.

मी पाकीट मागून घेतलं आणि सांगितलं, अंगातलं पाणी कमी झालं की मूत्रपिंड धडपडून आपली रक्ताची वाट उघडी ठेवतं, आणि ही गोळी नेमकी ती धडपडच बंद पाडते. रोज रोज घेतली तर रक्तावाचून ते निकामी होत जातं.

कौसल्याबाईंनी हाताचा चिखल निपटला.

"म्हणजे वनिताले माह्याच गोळीनं झालं काय, भाऊ?"

त्या माझ्याकडे टक लावून बघत होत्या, आणि मला 'हो' म्हणवेना. एका माणसापुरतं नक्की सांगता येत नाही, असं मी म्हणालो. खोटं नव्हतं ते. शोधनिबंधात आम्ही असंच लिहितो.

"नक्की नाई ना?" त्यांचा चेहरा मोकळा झाला. "मंग द्या ते पाकीट. बाया थांबून राह्यल्या."

मी दिलं. अक्कल गहाण ठेवल्यासारखं मुकाट दिलं.

दुसऱ्या दिवशी नमुने घेऊन निघालो. प्रतिभाताई थांब्यापर्यंत सोडायला आल्या. 'हो' म्हटलं असतं तर एक बाई खचली असती, पण बाकीच्या वाचल्या असत्या. इतकं साधं गणित मला गाडीत बसल्यावर सुटलं. भयंकर लाज वाटली. गोंडपिपरीला गाडी थांबली, तेव्हा मुलचेऱ्याकडे जाणारी एसटी समोरच उभी होती. मी उतरलो, चहा प्यायलो आणि परत चंद्रपूरच्या गाडीत माझ्या जागेवर येऊन बसलो.