नखावरून घसरलेला चाकू

ही गोष्ट मी बायकोला सांगितली नाही, मुलांनाही नाही. कोणी वहिनींच्या ताठ बोटाबद्दल विचारलं की मी विषय बदलायचो. आता टाळायला फार वर्षं उरलेली नाहीत, म्हणून लिहून टाकतो.

वहिनी म्हणजे माझ्या थोरल्या भावाची बायको. दादा लवकर गेले आणि वहिनी नागपूरला आमच्याकडे राहायला आल्या. मूलबाळ नव्हतं. कोणी तसं बोललं नाही, पण स्वयंपाकघर ही त्यांची घरातली जागा झाली. हिवाळ्यात त्या सांबारवड्या करायच्या. कोथिंबिरीला आमच्याकडे सांबार म्हणतात. एक पाय दुमडून पावशीवर, म्हणजे विळीवर बसत आणि सांबार इतका बारीक चिरत की परातीत हिरवा रवा पडतो आहे असं वाटे. पानं चेचली जात नसत, पाणी सुटत नसे. त्या वड्यांसाठी लोक आमच्या घरी जेवायला स्वतःला बोलावून घेत.

मग एका वर्षी त्या अंगणात पडल्या आणि गुडघा कायमचा आखडला. पावशीवर बसणं संपलं. गॅस नुकताच आला होता, उभ्यानं काम करायचा ओटाही झाला होता. पण चाकू म्हणावा असा घरात एकच, पेन्सिलीला टोक करण्यापुरता.

"भाऊजी, मले एक चांगला चाकू आणून द्या," वहिनी म्हणाल्या.

"आणतो. त्यात काय एवढं?"

"त्यात लय आहे. पातं अंगठ्याच्या नखावर टेकवून पाहा. अडकलं तर घ्या, घसरलं तर ठेवून द्या. पातं मुठीच्या पार शेवटापर्यंत गेलेलं पाहिजे. अन् चमकते म्हणून नका आणू. काळा लोखंडी असला तरी चालते मले. गंजाचं मी पाहून घेईन."

त्यांना सोबत न्यावं हे मला सुचलं नाही. आमच्याकडे बाजार पुरुषांनी करायचा. ज्या हातात चाकू जाणार, तो हात दुकानात नेण्याची पद्धत नव्हती.

सीताबर्डीच्या दुकानदारानं दोन चाकू पुढे ठेवले. एक काळपट, लाकडी मुठीचा, मुठीत पितळेचे तीन खिळे. दुसरा स्टीलचा, आरशासारखा, लाल प्लॅस्टिकची मूठ. मी दोन्ही नखावर टेकवले. काळा अडकला. चकचकीत सरळ घसरला. म्हणजे मला कळलं नव्हतं असं नाही. पण येत्या रविवारी आमचे साहेब सपत्नीक जेवायला येणार होते, नवा ओटा पाहणार होते.

"हा तर खाटकाचा दिसते," मी काळ्याकडे बोट दाखवून म्हणालो.

"साहेब, घरी भाजी कापायची आहे का भिंतीवर टांगायचा आहे?" दुकानदार हसला.

मला राग आला. मी लाल मुठीचा घेतला.

घरी येऊन तो ओट्यावर ठेवला. धारेची वस्तू हातात देत नाहीत, भांडण होतं म्हणतात. वहिनींनी उचलून नखावर टेकवला. घसरला.

"लोखंडी नव्हताच दुकानात," मी म्हणालो. "आता मिळतच नाहीत तसले."

"हातात दिला असता तरी चाललं असतं, भाऊजी," त्या म्हणाल्या. "भांडायले धार लागते."

बायको हसली. मीही हसलो.

रविवारी सकाळी ओट्यावर सांबाराचा ढीग होता. चाकू चिरत नव्हता, चेचत होता. पानं काळी पडत होती, हिरवं पाणी ओट्यावरून खाली ओघळत होतं. वहिनींनी जोर लावला. पातं देठांवरून घसरलं आणि डाव्या हाताच्या पहिल्या बोटात मुळाशी शिरलं. डॉक्टरांनी टाके घातले. बोट वाकवणारी आतली शीर तुटली होती. ते बोट पुन्हा कधी वाकलं नाही.

पाहुणे आले तेव्हा वड्या नव्हत्या. साहेबांच्या बायकोनं विचारलं, काय झालं?

"वहिनींना चाकू धरायची सवय नाही हो," मी म्हणालो. "सारा जन्म पावशीवर गेला."

वहिनी दारातच होत्या, हाताला पट्टी. त्या म्हणाल्या, "हो ना. माझाच हात वेंधळा." ज्या घरात राहायचं त्या घरच्या माणसाला पाहुण्यांसमोर खोटं पाडायचं नाही, एवढं त्यांना कळत होतं. मलाही ते कळत होतं, म्हणून तर मी बोललो.

महिनाभरानं त्या माझ्या बायकोचा हात धरून, लंगडत, सीताबर्डीला गेल्या. परत आल्या आणि माझ्यासमोर ओट्यावर काळा चाकू ठेवला. लाकडी मूठ, पितळेचे तीन खिळे.

"मिळाला, भाऊजी," एवढंच म्हणाल्या.

मी पेपर वाचत राहिलो.

त्या चाकूनं त्यांनी पुढे पुष्कळ वर्षं भाजी चिरली, ते एक बोट बाजूला ताठ ठेवून. पण सांबार मात्र माझ्या बायकोला चिरायला देत आणि शेजारी उभ्या राहून पाहत. "दाबू नको वं, ओढ," म्हणत. दसऱ्याला पावशीबरोबर त्या चाकूलाही हळदकुंकू लागे. मी पूजा करायचो आणि मुठीतले ते तीन खिळे त्यांच्या नजरेसमोर येणार नाहीत असा चाकू ठेवायचो.

शेवटच्या हिवाळ्यात त्या उन्हात खाटेवर बसून सांबार निवडत होत्या. घरात आम्ही दोघंच होतो. मी जवळ जाऊन बसलो.

"वहिनी, तो चाकू..."

"काहून? धार गेली का?"

"नाही. धार आहे."

"मग राहू द्या," त्या म्हणाल्या आणि पुढची जुडी उचलली.

मी उठलो. त्या होळीच्या आधीच गेल्या. मला एवढंच म्हणायचं होतं: वहिनी, तुम्ही सांगितलेला चाकू त्या दिवशी दुकानात होता. मी तो नखावर टेकवून पाहिला होता. हात तुमचा वेंधळा नव्हता. मला माफ करा.