माफीची कॅसेट

भाऊकाका दातवणासाठी दारच्या कडुनिंबाची काडी मोडायचे, पण आधी त्याला विचारायचे. "घेऊ का रे?" म्हणत मान वर करून थांबायचे. दूधवाला हाका मारतोय, सायकलवाले घंटी वाजवतायत, आणि हे आपले उभे. मी नवी भाडेकरू, मला हसू आवरेना. एकदा विचारलंच, "काका, तो नाही म्हणाला तर?"

"तर मंजन," ते म्हणाले. "परवा नाहीच म्हणाला. बिजलीवाले फांद्या छाटून गेले होते. दुखत असेल बिचाऱ्याला."

माझे यजमान फौजेत, बबीनाला. मुलांच्या शाळेसाठी आम्ही झाशीत दतिया गेटाजवळ काकांच्या दोन खोल्या भाड्याने घेतल्या होत्या. मी साताऱ्याची, मला इथलं मराठी ऐकून आधी नवलच वाटे. "सूनबाई, बालटी उधर ठेव, फिसलशील," असं काका म्हणत. पेशव्यांच्या काळात इकडे आलेल्या भटजींचं त्यांचं घराणं. काकांनी मात्र जन्मभर पोस्टात नोकरी केली आणि कविता केल्या, त्याही फक्त झाडांच्या. गणपतीत मराठी मंडळी जमली, की काका खिशातून कागद काढत आणि लोक चपला शोधायला लागत. पोरांना मराठी अर्धंमुर्धं कळे. "काकाजी, कोई चुटकुला सुनाइए," अशी फर्माईश होई. मीही एकदा म्हटलं, "काका, फुलांवर लिहा की काहीतरी गोड."

"फुलांवर सगळेच लिहितात, सूनबाई. खिळ्यांवर कोण लिहिणार?"

पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत त्यांची कविता ऐकणारं माणूस एकच, ते म्हणजे काकी. तांदूळ निवडता निवडता ऐकायच्या, आणि कविता संपली की "हं" म्हणायच्या. एवढीच काय ती दाद.

त्या साली दतियाकडचा रस्ता रुंद व्हायला लागला. वाटेत एक जुना पिंपळ आला आणि मजुरांनी कुऱ्हाडी खाली ठेवल्या. यावर देव बसलाय, हात लावला तर वंश बुडेल, म्हणाले. ठेकेदार गोरेलाल हात जोडून काकांच्या दारी आला. काकांच्या घराण्यात जुना रिवाज होता. झाड तोडावंच लागलं, तर आदल्या संध्याकाळी त्याला हळदकुंकू वाहायचं, पाखरांना दुसरीकडे जायला सांगायचं आणि क्षमा मागायची. गोरेलालला तेच हवं होतं. काका कबूल झाले, पण म्हणाले, "मंत्र नाही म्हणणार. माझी कविता म्हणेन." मला हळूच सांगितलं, "एकदा नीट ऐकली ना, तर कोणाचा हात उठणार नाही बघ."

काकी आणि मी बरोबर गेलो होतो. गोरेलालने टेपरेकॉर्डर आणला होता. आपली कविता टेप होणार म्हणून काका हरखले होते. कवीला ऐकणारा भेटला की त्याची अर्धी अक्कल जाते, दुसरं काय! पिंपळाला हात लावून ते म्हणाले,

खिळा ठोकला, तू पाटी धरलीस.
तार आवळली, तू ती गिळलीस.
बुंध्याशी चूल मांडली, तू धूर सोसलास.
आता कुऱ्हाड घेऊन आलोय, बाबा,
निदान पडताना तरी आमच्या अंगावर पड.

प्रत्येक ओळीचा अर्थ ते हिंदीतून सांगत होते. मजुरांचे डोळे भरून आले, एक तर पिंपळाच्या पाया पडला. शेवटची ओळ ऐकून मात्र सगळे चार पावलं मागे सरले. काकांनी माझ्याकडे बघितलं. जिंकल्यासारखा चेहरा होता त्यांचा.

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही गेलो तर पिंपळ आडवा पडला होता. त्याच्याच फांद्यांच्या सावलीत बसून मजूर रोटी-चटणी खात होते. "आओ महाराज," एकजण प्रेमाने म्हणाला, "तुमाई किरपा से मन हल्को हो गओ. सब पाप उतर गओ."

घरी आल्यावर काका पायरीवर बसले आणि म्हणाले, "मी त्यांना लाज वाटावी म्हणून लिहिलं होतं गं. त्यांनी त्या कवितेनं हात धुतले."

आठवड्याने गोरेलाल पुन्हा आला. पुढे महुआची, म्हणजे आपल्या मोहाच्या झाडांची, रांग होती. "बस महाराज, वो आखिरी लाइन मत बोलिएगा. लेबर डर जाती है."

"शेवटच्या ओळीशिवाय ती माफी नाही, भैया, रिश्वत आहे," काका म्हणाले आणि त्यांनी दार लावून घेतलं.

पण कॅसेट त्याच्याकडे होती ना! शेवटची ओळ पुसून तो ती झाडाझाडाखाली वाजवू लागला. टेप वाजायची, मजूर हात जोडायचे, आणि कुऱ्हाड चालायची. काका कॅसेट परत मागायला गेले. त्याने त्यांना खुर्ची दिली, चहा पाजला आणि म्हणाला, "महाराज, इतनों को पाप से बचा रहे हो, पुन्न का काम है." मेल्याला खरंच तसं वाटत होतं. तो ढोंगी असता, तर मी त्याला चार शिव्या तरी हासडल्या असत्या.

रस्त्याचं काम सरकत सरकत दतिया गेटापाशी आलं. एका सकाळी काकी चहा गाळत होत्या आणि बाहेरून काकांचा आवाज आला. "खिळा ठोकला, तू पाटी धरलीस." काकींनी दचकून समोर बघितलं. काका तर त्यांच्यासमोर पाटावर बसले होते. ते तसेच अनवाणी धावले आणि त्यांनी कडुनिंबाला मिठी मारली. "मी नाही विचारलं रे! आवाज माझा आहे, पण मी नाही विचारलं!" लागू नये म्हणून मजुरांनी त्यांना हळूच, अगदी आदराने बाजूला केलं. "हटो बब्बा, लग जैहै." मी गोरेलालच्या अंगावर ओरडले, यजमानांच्या साहेबांच्या ओळखीची धमकी दिली, रडले. दुपारपर्यंत आमच्या दारात ऊन आलं.

त्या दिवसापासून काका बोलायचे थांबले. डॉक्टरांनी घसा तपासला, घशात काही नव्हतं. पाणी हवं असलं तर बोट दाखवत. मी खूप विनवलं, "काका, निदान काकींशी तरी बोला." त्यांनी ओठांवर हात ठेवला आणि मान हलवली. आपला आवाज पुन्हा कुणाच्या हाती लागू द्यायचा नव्हता त्यांना, असं मला वाटतं. काकी रोज संध्याकाळी तांदूळ घेऊन त्यांच्याजवळ बसत, वाट बघत, आणि मग उठून भात टाकत. असा जवळजवळ वर्षभर तो माणूस मुका राहिला, आणि माघात गेला.

तिरडी बांधत होते तेव्हा गोरेलाल आला. ओक्साबोक्शी रडत होता. पिशवीतून टेपरेकॉर्डर काढून मला म्हणाला, "बहनजी, महाराज की आवाज़ है. आखिरी बार सबको सुनवा दें?"

माझं डोकंच फिरलं. त्याच्या हातातून ती कॅसेट ओढून तिची फीत रस्त्यावर उधळायची म्हणून मी पुढे झाले. पण तोवर त्याने बटण दाबलं होतं.

"खिळा ठोकला..."

काकी भिंतीला टेकून बसल्या होत्या. त्यांनी एकदम मान वर केली. वर्षभरात त्या चेहऱ्यावर मी असं काही पाहिलं नव्हतं. पदर सावरून त्या सरकत सरकत टेपरेकॉर्डरजवळ आल्या आणि कान देऊन बसल्या. चार ओळी झाल्या, मग नुसती खरखर. शेवटच्या ओळीसाठी त्या थांबल्या, बराच वेळ थांबल्या. माझा हात अजून पुढेच होता.

"हं," काकी म्हणाल्या. मग गोरेलालकडे बघून म्हणाल्या, "भैया, फिर से लगाओ."

मी हात मागे घेतला.