भाजी मोजायची नसते

उकडलेल्या दुधीच्या वासानं मला मळमळतं. आमच्या घरात तो वास सकाळी शिरतो आणि दिवसभर पडद्यांना चिकटून बसतो. धाकट्या भावाच्या दोन्ही किडन्या कामातून गेल्या, तेव्हापासून त्याच्या वाटच्या भाजीचं हे असं चाललंय. बारीक चिरायची, भिजत घालायची, उकळायची, पाणी फेकून द्यायचं, नव्या पाण्यात परत उकळायची, तेही फेकायचं. भाजीतला कुठलासा क्षार त्याच्या रक्तात साचतो, तो असा पाण्यावाटे काढावा लागतो. क्षाराबरोबर रंग जातो, चव जाते, भाजीचं भाजीपण जातं. उरलेला चोथा माझी भावजय त्याच्या ताटात वाढते. तो मान खाली घालून गिळतो. मी समोर बसलेली असते आणि मुद्दाम खिडकीकडे बघते.

त्याला किडनी मी देणार आहे. आधी आईनं आपली पुढे केली होती. डॉक्टरांनी तिचं वय विचारलं, साखर बघितली आणि नाही म्हणाले. भावजयीचं रक्त जुळलं नाही. माझं जुळलं. डॉक्टरांनी मला काट्यावर उभं केलं, माझ्याकडे आणि काट्याकडे आळीपाळीनं पाहिलं आणि म्हणाले, "आधी आठ किलो उतरवा, मग पुढच्या तपासण्या करू." तोपर्यंत भावानं आठवड्यातून दोनदा जिल्ह्याच्या गावी जाऊन डायलिसिसच्या खुर्चीत पडून राहायचं. म्हणजे त्याचं जगणं माझ्या पोटाच्या घेरावर येऊन थांबलं होतं.

मी मोताळ्याला शाळेत शिकवते. लग्न मोडून बरीच वर्षं झाली, मूलबाळ नाही, तेव्हापासून माहेरीच आहे. एवढ्या माहितीवर अख्खं गणगोत माझ्या शरीराचं मालक झालं. आत्या तर खास भेटायला आली. पलंगावर बसली, चहा बशीत ओतला आणि माझ्या दंडाला हात लावून म्हणाली, "पोरी, तुयं काय अडलं हाये? नवरा ना पोर. तुले अडवनारं कोन हाये? देऊन टाक भावाले." आठवडी बाजारात बोकडाच्या पाठीवरून हात फिरवून बघतात, अगदी तसा तो हात होता. किडनी मी देणारच होते, कोणी सांगायची गरज नव्हती. पण त्या हातानं अंगावर शिसारी आली. आयजीच्या जिवावर बायजी उदार! ती गेल्यावर मी दंड साबणानं धुतला. आई मोरीच्या दारात उभी राहून बघत होती.

मग माझं वजन उतरवणं सुरू झालं आणि त्यात सगळ्यांत घाणेरडा प्रकार म्हणजे सल्ले. शाळेत डबा उघडला की चार माना पुढे यायच्या. भाजी मोजायची की नाही, यावर आमच्या स्टाफरूममध्ये जेवढी डोकेफोड झाली, तेवढी कधी मुलांच्या अभ्यासावर झाली नसेल. एक बाई म्हणायच्या, भाजीत काय असतं, नुसतं पाणी. गणिताचे सर म्हणायचे, "मॅडम, म्हैस काय खाते? गवतच खाते नं? मग?" आणि स्वतःच्या विनोदावर तोंडातल्या पोळीसकट हसायचे. त्यांच्या दातांत अडकलेली मेथी बघून माझं जेवण तसंच आटोपायचं. वजन कमी करायचा तो एक खात्रीचा उपाय होता म्हणा.

शेवटी जिल्ह्याच्या गावी आहार सांगणाऱ्या एका मुलीकडे गेले. तिनं गोड आवाजात सांगितलं, "ताई, पोळी मोजा, भात मोजा, तेल चमच्यानं मोजा. भाज्या मात्र मोजायच्या नाहीत. पोटभर खायच्या." मोबाईलमध्ये एक अ‍ॅप टाकून दिलं. त्या अ‍ॅपला झुकिनी ठाऊक होती, ब्रोकोली ठाऊक होती. गिलकं काही ठाऊक नव्हतं. पोकळा ही पालेभाजी लिहिली तर त्यानं मला फर्निचरची जाहिरात दाखवली. मी तो नाद सोडला. भाजी मोजायची नसते, हा निकाल मात्र घेऊन घरी आले.

आईला सगळं समजावून सांगितलं. भावाचं भावजय बघायची आणि माझं आई, अशी स्वयंपाकघराची वाटणी आधीच झाली होती. आईनं नीट ऐकून घेतलं.

"पोळी मोजतात?" तिनं विचारलं.

"हाव."

"अन् भाजी नाही मोजत?"

"नाही. भाजी कितीबी खा म्हनते ते."

"मंग खात जाय," आई म्हणाली आणि त्या दिवसापासून तिच्या हाताला भलताच हुरूप आला.

आमच्याकडच्या भाजीवर तेलाचा लाल तवंग नसला तर पाहुणा रागावून जातो. आईनं तो तवंग एका दिवसात बंद केला. मला कौतुक वाटलं. पालक घोटून, चुका घोटून, गिलक्याची दाट रस्सा भाजी, सगळं मऊसूत, जिभेवरून आपोआप उतरणारं. दिवसभरात तेवढंच एक खाणं असायचं ज्याची मला किळस वाटत नसे. सकाळी ते कोमट लिंबूपाणी, चार वाजता भिजवलेले मूग, ज्यांना मोजे वाळत घातल्यासारखा वास येतो, आणि रात्री अर्धी भाकरी. मधे आईची भाजी. मी दोन-दोन वाट्या खायची. मोजायची नसतेच ना!

पहिल्यांदा काटा थोडा खाली आला. मग थांबला. मग वर सरकायला लागला. मला आधी काट्याचा संशय आला, म्हणून मेडिकलवाल्याच्या काट्यावर उभी राहिले. त्यानं तर आणखी थोडं वाढवून सांगितलं. इकडे भावाच्या पायांवर सूज येत होती, डायलिसिसहून आला की तो चप्पल न काढता पलंगावर पडायचा. आणि मी आरशासमोर उभी राहून स्वतःचं पोट चिमटीत धरायची. इतका तिटकारा मला माझ्या शरीराचा कधीच आला नव्हता. एका माणसाचा जीव टांगणीला लागलाय आणि हे ढिम्म मांस जागचं हलत नाही. त्यात त्या आहारवाल्या मुलीनं फोनवर तोच गोड आवाज लावून विचारलं, "ताई, चोरून काही खाता का?"

माझं डोकं फिरलं. चाळिशी ओलांडलेल्या मास्तरणीला चोरून खाण्याबद्दल विचारते! मी आवाज चढवल्यावर ती म्हणाली, "मग भाजीत काय काय पडतं ते एकदा मोजून बघा."

रविवारी सकाळी मी स्वयंपाकाचा छोटा काटा घेऊन स्वयंपाकघरात जाऊन बसले. भाऊ आतल्या खोलीत झोपला होता. भावजय त्याची भाजी धुवायला मागच्या मोरीवर गेली होती. आई पालक निवडत होती.

"इथं काय करून राह्यली तू?" आई म्हणाली. "जाय, बाहेर बस. गरम होते इथं."

"भाजी मोजाची हाये आज."

"भाजी मोजत नसतात म्हने नं?"

"आता मोजा म्हनते ते."

आईचा हात थांबला. मग तिनं पालक जरा जोरातच तोडायला सुरुवात केली. मी पालक मोजला, कांदा मोजला, तेलाचा चमचा मोजला. तिनं पालक शिजवला, घोटला आणि मग नुसतीच ढवळत राहिली. डाव फिरवायचा, झाकण ठेवायचं, झाकण काढायचं. भाजी पातळ पाण्यासारखी दिसत होती, रोजच्यासारखी दाट नव्हती. आई मी उठायची वाट बघत होती. मी उठले नाही. उठले ते थेट पिठाच्या डब्याकडे, कारण तिची नजर सारखी तिकडेच जात होती.

डब्यामागे एक झाकलेलं पातेलं होतं, आमच्याकडे त्याला गंज म्हणतात. त्यात शेंगदाणे आणि तीळ भाजून, दुधाच्या सायीत गंधासारखं बारीक वाटून ठेवलेलं. एवढं की दोन बाळंतिणी पोसल्या असत्या. बोट बुडवून चाखलं. तीच चव, जिच्या आशेवर मी दिवस काढत होते. आईच्या हातची चव म्हणून मी जे मिटक्या मारत खाल्लं, ते हे होतं.

"हे रोज टाकत होती तू?"

"हाव."

"तुले माहीत हाये नं, मायं वजन काऊन उतरवाचं हाये?"

"माहीत हाये."

"मंग? तुया पोराचा जीव हाये हा! तो मरून गेला तं?"

आईनं गॅस बंद केला. पदरानं तोंड पुसलं. तिचा आवाज अगदी साधा होता, कोणाला मीठ मागावं तसा.

"तो माया पोरगा हाये, हे तू मले सांगते? मायी किडनी म्हातारी निघाली म्हनून घेतली नाही, नाहीतं मीच देल्ली असती. सारे येतात, चहा पेतात, अन् तुया अंगाले हात लावून पाह्यतात. कोनी एक म्हनत नाही का हिचं काय होईन. तुले अडवनारं कोनी नाही, असं म्हने तुयी आत्या. मी मेली का? मी हावो नं."

मला तिचा संताप आला. इतका की गंज उचलून मोरीत फेकावंसं वाटलं. आपल्याच पोराच्या पायाची सूज बघत ही बाई रोज दाणे वाटत होती. आणि हे सगळं ती माझ्यासाठी करत होती, त्याचाही मला रागच आला. मी म्हटलं, "आजपासून मायी भाजी तू करू नको."

दुपारी मी भावाच्या शेजारी बसले आणि भावजयीला म्हटलं, त्याच्यातलीच वाढ मला. दोनदा उकळून, दोनदा पाणी फेकलेली ती दुधीची भाजी. पहिला घास तोंडात ओल्या फडक्यासारखा बसला. भावानं माझ्याकडे पाहिलं. त्याला सकाळचं काही माहीत नव्हतं.

"बेकार लागते नं?" तो म्हणाला.

"लय बेकार."

किती दिवसांनी तो हसला. आम्ही दोघं तोंड वाकडं करत, एकमेकांकडे बघत जेवलो.

तेव्हापासून मी तेच खाते आणि काटा उतरतो आहे. सवय होईल म्हणतात. झालेली नाही, रोज तेवढीच किळस येते. पुढच्या महिन्यात परत दाखवायला जायचंय. आईला मी आकडा सांगत नाही आणि ती विचारत नाही. पण माझ्या ताटाशेजारी ती रोज एक झाकलेली वाटी ठेवते. घोटलेला पालक, दाट, दाण्यांचा वास येणारा. मी ती सरकवते. आई उचलते आणि दुसऱ्या दिवशी परत ठेवते. ना ती थकते, ना मी.

आत्या परवा पुन्हा येऊन गेली. जेवायलाही थांबली आणि तिनं परत तेच म्हटलं, हिला अडवणारं कोण आहे. मी आईची ती झाकलेली वाटी तिच्यासमोर सरकवली. तिनं चाटूनपुसून खाल्ली आणि म्हणाली, भाजी मस्त झाली.