भस्मवीर बसूनच उठतो

गेल्या हिवाळ्यात एका सोमवारी सकाळी आमच्या साडूंनी अंबाजोगाईबाहेरच्या आपल्याच शेतात जेसीबीने खड्डा खणून घेतला आणि ते त्यात मांडी घालून बसले. प्रकृती ठणठणीत होती. जेसीबीवाल्याने चहाच्या टपरीवर एवढंच सांगितलं, "मालकानं सोत्तासाठी समाध खांदली." थोड्या वेळात नातेवाइकांच्या ग्रुपवर साडूंचा फोटो आणि खाली 'भावपूर्ण श्रद्धांजली' आलं.

आमच्या साडूंइतका निरुपद्रवी माणूस तालुक्यात नाही, आणि त्यांच्याइतकं लोकांना कोणी घाबरवलेलंही नाही. त्यांचं किराणा दुकान आहे. साठीला टेकल्यावर त्यांनी मुलांसाठी साहसकादंबरी लिहायला घेतली. धर्मापुरीसारखं एक जुनं देऊळ, त्याखाली भुयार, वटवाघळं, डोळे फिरवणाऱ्या दगडी बायका, आणि अंधारातही बघू शकणारा, शंभर माणसांचं बळ असलेला नायक भस्मवीर. तेव्हापासून दुकानात तूरडाळीबरोबर भुयारही मिळू लागलं. तराजूत डाळ तशीच ठेवून ते गिऱ्हाइकाला विचारत, "मानेवर गार हात पडला, तर तुमी पयले वराडताल का पळताल?" एक मास्तरीणबाई डाळ न घेताच गेल्या. साडूंनी मागाहून त्यांच्या घरी डाळ पोचवली आणि दारात तोच प्रश्न पुन्हा विचारला. मांजरसुंब्याच्या ढाब्यावर आम्ही जेवत असताना त्यांनी वाढप्याला हाक मारली, "रगत वाळल्यावर कोन्त्या रंगाचं दिसतं बे?" शेजारच्या टेबलावरची मंडळी शेवभाजी अर्धी टाकून उठली. साडूंना मनापासून वाईट वाटलं. "रंगाचं इचारलं फक्त," ते म्हणाले.

प्रकाशकाला कादंबरी आवडली. अडलं एका प्रकरणावर. खलनायक भस्मवीरला मेला समजून पुरतो आणि तिसऱ्या रात्री भस्मवीर मातीतून वर येतो. आम्ही लिंगायत. आमच्यात माणूस गेला की त्याला आडवा निजवत नाहीत. मांडी घालून, हातात इष्टलिंग देऊन मातीत बसवतात. साडूंनी भस्मवीरला तसंच बसवलं होतं. दुसरं काही त्यांना सुचणंच शक्य नव्हतं. प्रकाशकाच्या चित्रकाराने मात्र शवपेटी काढली, तीत आडवा नायक. संपादकांनी कळवलं की बसलेला माणूस खड्ड्यातून एकदम उभा राहील हे मुलांना पटणार नाही. नायक झोपवा, नाहीतर पुस्तक राहू द्या. साडूंनी उलट कळवलं, "निजलेल्याला उठाया टाइम लागतो. आमचा बसलेलाच हाय." मग ते पडताळून पाहायला शेतात गेले.

त्या दिवशी मी एका बातमीच्या कामासाठी अंबाजोगाईतच होतो. श्रद्धांजलीचा संदेश वाचला. तरी सवयीने, खात्री करायला, त्यांचाच नंबर लावला. उचलला.

"हां, बोला पत्रकार."

"दादा, तुम्ही कुठं आहात?"

"खड्ड्यात हाय. पायाला लई मुंग्या आल्यात. उठता येईना झालंय."

मी पोचलो तेव्हा काठावर चाळीसेक माणसं जमली होती. दोघांच्या हातात हार होते. ते कुठे ठेवावेत हे त्यांना कळत नव्हतं. अक्का, म्हणजे साडूंच्या पत्नी आणि माझी मेहुणी, काठावर उभ्या होत्या. पदर तोंडात, डोळे कोरडे.

"अहो, लेकरांचं पुस्तक हाय म्हनता, आन् खड्ड्यात कावून बसलाव?"

"उठून दावायचं व्हतं."

"मंग उठा की."

साडूंनी जमिनीला हात न टेकता उठायचा प्रयत्न केला आणि पुन्हा बसले. कोणी हसलं नाही.

"झोपवा म्हनत्यात तर झोपवा त्या भस्मवीराला," अक्का म्हणाल्या. "कागदावरचंच मानूस हाय ना?"

साडूंनी मांडीवरची माती झटकली. "अण्णाला बसवता आलं न्हाई," ते म्हणाले. "आता ह्याला बी झोपवू का?"

अण्णा म्हणजे त्यांचे वडील. साथीच्या दिवसांत गेले. त्या वेळच्या नियमाप्रमाणे त्यांना दहन झालं. घरचं कोणी जवळ नव्हतं. साडू याविषयी कधीही बोललेले नव्हते. दुकान पुन्हा उघडल्यावर त्यांनी सगळ्यात आधी अण्णांची बसायची गादी झटकली होती, एवढंच मला आठवतं.

मग अक्का पदर खोचून स्वतः खाली उतरल्या आणि त्यांच्या पाठीला हात लावून म्हणाल्या, "उठा. आपन बसवू त्याला." वर घ्यायला चार माणसं लागली.

संध्याकाळी मी संपादकांना फोन केला आणि घडलं ते क्रमाने सांगितलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी कळवलं की नायक बसलेलाच राहील. चित्र नव्याने काढायचं आहे, तेव्हा चित्रकाराला मांडी घातलेल्या माणसाचा एक फोटो हवा आहे.

साडूंनी अण्णांचा फोटो पाठवला. दुकानातला, गादीवर मांडी घालून बसलेला. चित्रकाराला तो मिळाला आहे.