वाइसापुढचा नेम

आता तुमच्यापासून काय लपवायचं! आमच्या मामाने ही गोष्ट आटगावापासून मुरबाडच्या बाजारापर्यंत सगळीकडे केलीच आहे, आणि तीही पदरची मीठमिरची लावून. म्हटलं, आपली फजिती आपणच सांगावी, निदान त्यात मी जरा बरा तरी दिसेन. चहा घ्या. आणि मधेच हसू नका, माझं डोकं फिरतं.

तर मला एक वेड होतं. कुणाला तमाशाचं असतं, कुणाला बैलांच्या शर्यतीचं. मला वाइसांचं! वाइस माहीत आहे ना? फिटरच्या बाकावर बोल्टांनी आवळलेला लोखंडी जबडा असतो तो. दांडा फिरवला की जबडा मिटतो आणि आत धरलेली वस्तू मग हलत नाही. मी शहापूरच्या एका भातगिरणीत फिटर होतो. गिरणीतल्या वाइसावर दिवसभर काम करायचं आणि सुट्टीच्या दिवशी दुसरा जुना वाइस शोधत हिंडायचं, असा माझा संसार.

दुसरी मोठी लढाई संपल्यावर कल्याणला छावणीचं भंगार निघालं, त्यातून एक आणला. एक आणला बंद पडलेल्या गिरणीतून. एकाच्या जबड्यात तर चिमणीने घरटं केलं होतं, तो पिल्लं उडेपर्यंत थांबून आणला! आणायचा, घासलेटात भिजवायचा, तारेच्या ब्रशाने गंज काढायचा, आटे साफ करून ग्रीस भरायचं आणि मग दांडा एका बोटाने गरागरा फिरवून बघायचा. अहाहा! तुम्हाला नाही कळायचं ते.

सापगावच्या आमच्या घराची ओटी अशी वाइसांनी भरली होती. आई म्हणायची, "लोकांची पोरं सून आनतात, माझा गंज आनतो."

सून आणायचं माझ्याही मनात होतंच की! त्याचं असं झालं, म्हशाच्या जत्रेत लोक जातात बैल आणि घोंगड्या घ्यायला. मला तिथे दिसला वाइस. एका लोहाराने तंबूची दोरी ताणायला वजन म्हणून बांधून ठेवला होता, नालायकाने! एवढा उमदा वाइस! घासाघीस करून मी तो सोडवला आणि खांद्यावर घेऊन निघालो. समोरून बापाबरोबर एक मुलगी येत होती. मला बघून थांबली आणि मोठ्याने म्हणाली, "बाबा, त्यो बघा, बैल नाय मिळाला म्हनून लोखंड घेऊन चाललाय!"

आणि जी हसली म्हणता! माझा खांदा सोलवटला होता, मान वाकडी झाली होती, पण मी तिथेच ठरवलं की लग्न करीन तर हिच्याशीच.

मामाला कामाला लावला. मामा म्हणजे आईचा धाकटा भाऊ, बोलण्यात पटाईत, सोयरिकी जमवण्यात नाव काढलेला. त्याने शोध काढला. मुलगी सिद्धगडाच्या पायथ्याच्या गावची. बाप तात्या, चांगली भातशेती असलेला, एकवचनी माणूस. मामा बोलणी करून आला तो तोंड पाडूनच.

"गण्या, तात्या म्हनतो पोरगा कष्टाचा हाय, पन घरात भंगार साठवतो असं ऐकलंय. भंगारवाल्याला पोर नाय द्यायची म्हनतो."

"भंगार? मामा, वाइस आहेत ते!"

"मला नको सांगू. दसऱ्याला त्यो आनि त्याची बहीन घर बघायला येनार हायेत. त्या दिवशी हो की नाय, एकदाच. नाय म्हनला तर परत त्या उंबऱ्याला जायाचं नाय."

झालं! मला झोप नाही, जेवण नाही. शेवटी मी काय केलं, सगळ्या वाइसांना तेल लावून चकाचक केलं. भंगार म्हणतात काय? बघाच म्हटलं! आणि जत्रेतला तो उमदा वाइस मधल्या बाकावर बसवला. त्याचे दाते झिजून गुळगुळीत झाले होते, ते मी कानशीने नवे पाडले. असे पाडले की कागद धरला तरी सुटायचा नाही. हे लक्षात ठेवा, कारण माणसाचं कौशल्य माणसाच्याच मुळावर येतं.

दसरा उजाडला. आमच्याकडे दसऱ्याला अवजारं पूजतात, हे काय तुम्हाला सांगायला हवं? एकदा पूजा झाली की दुसऱ्या दिवशी उत्तरपूजा होईपर्यंत अवजाराला हात लावायचा नाही. आई त्या बाबतीत फार कडक. "वरीसभर राबतं बिचारं, एक दिवस निजू दे त्याला," म्हणायची. हातोडे, पाने, पकडी, कानशी, वाइसांचे काढलेले दांडे, सगळं तिने आत पाटावर मांडलं, हळदकुंकू लावलं आणि फुलं वाहिली.

मी पहाटेच आंघोळ करून नवंकोरं धोतर नेसलो होतो. वर नुसती आखूड बंडी, कारण इस्त्रीचा सदरा पाहुणे दिसले की घालायचा होता. मला वाटलं, मधल्या वाइसाला जरा सजवावं. भाताच्या लोंब्या आणि झेंडूची फुलं असा भलामोठा तुरा केला, जबड्यात धरला आणि दांडा फिरवला. सैल ठेवला असता तरी चाललं असतं की नाही? पण फिटरचा हात! सैल ठेवणं आमच्या रक्तात नाही. कचकावून आवळला, दांडा काढून आईच्या हातात दिला, आईने तोही पाटावर ठेवून त्याला कुंकू लावलं.

मी हात जोडले, डोळे मिटले, म्हटलं, बाबा रे, आज लाज राख. आणि मागे सरकलो.

सरकलो कसला! कमरेला असा हिसका बसला की मी पुन्हा पुढे! बघतो तर धोतराचा सोगा लोंब्यांबरोबर जबड्यात! तेल लागू नये म्हणून मी तो डाव्या हातावर टाकला होता, तो मधल्या मधे आत गेला होता. ओढून पाहिला, नाही. बोटाने आटा फिरवून पाहिला, हलायला तयार नाही. माझेच दाते, माझंच आवळणं!

"आये, जरा त्यो दांडा दे गो इकडं."

"कंचा दांडा?"

"आत्ता ठेवलास तो."

"पुजलेला दांडा? आज सनाच्या दिवशी काम काढतोस? मेल्या, आज तरी त्या लोखंडाला सोड!"

मी त्याला सोडायला तयार होतो हो, तो मला सोडायला हवा ना! पण हे तिला समजावणार तोच अंगणातून मामाचा आवाज आला, "या, या तात्या, हेच घर."

मेलो! धोतर सोडून आत पळावं, तर आत पट्ट्यापट्ट्यांची नाड्याची चड्डी आणि अंगणात मुलीची आत्या.

तात्या ओटीवर चढले. भरदार मिशा, डोक्याला लाल पागोटं, हातात आपट्याची पानं. मागे आत्याबाई, बारीक चणीच्या आणि त्याहून बारीक नजरेच्या. आता रिवाज काय? मुलाने पुढे व्हायचं, सोनं घ्यायचं, वाकून पाया पडायचं. मी वाइसाला पोट लावून उभा, मान तेवढी वळवलेली.

मामा दात-ओठ खात म्हणाला, "गण्या, पाया पड की!"

आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "माफ करा तात्या. आज पूजा झाल्यापासून या देवापुढून हलायचं नाही, असा माझा नेम आहे."

कुठून आलं ते वाक्य, मला अजून ठाऊक नाही. आई स्वयंपाकघराच्या दारात आ वासून उभी राहिली. माझा नेम? मला रोज उठवायला तिला तांब्याभर पाणी लागायचं!

तात्या मात्र एकदम गंभीर झाले. "हलायचं नाय म्हन्जे?"

"उत्तरपूजेपर्यंत उभं राहायचं."

"अन्नपानी?"

आता एकदा खोटं बोलायला बसलं की माणूस कंजुषी करत नाही. म्हटलं, "काहीच नाही."

तात्यांनी वहाणा काढल्या. पागोटं सारखं केलं आणि वाइसाला हात जोडले. "आमी नांगराला पुजतो," ते म्हणाले, "पन पूजा झाली की वडे खायाला पळतो. खरं सांगू का, मला वाटलं भंगार असंल. ही तर भक्ती हाय!"

आत्याबाईंनी माझ्याभोवती एक फेरी मारली. "धोतराचा सोगा तिथं कशाला रं घातलास?"

मी उगाच तुऱ्यातलं एक फूल सरळ केलं. "ते... देवाशी बांधून घ्यायचं असतं."

"असं व्हय?" म्हणाल्या आणि पदर तोंडाला लावून भिंतीशी टेकून बसल्या. मला वाटलं, त्यांनाही गहिवर आला.

मग पानं वाढली. आतून तांदळाच्या वड्यांचा वास सुटला होता, खीर उकळत होती, माझ्या पोटात कावळे ओरडत होते. आई म्हणाली, "तात्या, उठा, जेवून घ्या."

"नाय बाय. पोरगा उपाशी उभा आनि आमी जेवायचं? बरं दिसतं का? आमीबी पानी घेनार नाय."

आईने माझ्याकडे जे पाहिलं! वड्यांच्या कढईतच घालते की काय, असं वाटलं. मामा भुकेचा कच्चा, तो तर रडायलाच आला. माझ्याजवळ येऊन कुजबुजला, "गण्या, कसलं हे खूळ काढलंस?"

"मामा, खूळ नाही, अडकलोय! दांडा आण आतून."

त्याने जबड्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि त्याला हसण्याची अशी उबळ आली की खोकल्याचं निमित्त करून अंगणात पळाला. तिथून मागच्या दाराने आत शिरून दांडा उचलला असेल-नसेल, तोच आत्याबाईंचा आवाज आला, "काय वो पाव्हनं, पुजलेलं अवजार उचलता? देवाला झोपू द्या की!"

मामा दांडा ठेवून परत आला. तोपर्यंत बातमी गावात पसरली होती. बायाबापड्या बघायला आल्या. माझ्या पायाशी आपट्याची पानं पडायला लागली! एका म्हातारीने तर माझ्यावरून दृष्ट काढली. पोरी लांबून हात जोडत होत्या. आणि मी? पाय भरून आलेत, पोट आवळलंय, बंडी घामाने भिजलीय, आणि चेहऱ्यावर साधूसारखं हसू ठेवायचं! तुम्ही कधी अर्धा दिवस साधू होऊन बघा, मग कळेल.

उन्हं कलली. गावकरी सीमोल्लंघनाला निघाले. तात्या उभे राहिले, खाकरले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "मामा, माझं ठरलं. पोर दिली या घरात! अशा नेमाचा मानूस शोधून मिळायचा नाय."

काय सांगू तुम्हाला! डोळ्यात पाणीच आलं माझ्या. जत्रेतलं ते हसू आता आयुष्यभर माझ्या घरात ऐकायला मिळणार होतं. मी मनात त्या वाइसाचे पाय धरले. आता पाहुणे निघाले की सुटलो! मुरबाडची एस.टी. गाठायची तर त्यांना निघायलाच हवं होतं.

तेवढ्यात आत्याबाई भिंतीपासून उठल्या. अगदी साळसूद आवाजात म्हणाल्या, "दादा, सोयरीक झाली, दसऱ्याचा दिस, आनि जावयाला उराशी नाय धरनार?"

"तर! ये रं माझ्या वाघा!"

"तात्या, नको... तात्या, नेम..."

"आरं, नेम कसला! सासरा म्हनून आता माझा हक्क हाय!"

नांगर धरलेले हात ते! माझ्या काखेत घातले आणि मला असा ओढला की मी सरळ त्यांच्या छातीवर. मी गेलो, धोतर नाही आलं.

धोतर वाइसाला लोंबतंय, मी पट्ट्यापट्ट्यांच्या चड्डीत होणाऱ्या सासऱ्याच्या मिठीत, आणि अंगणात अर्धं सापगाव. तात्यांनी माझ्या खांद्यावरून धोतराकडे पाहिलं. मग माझ्याकडे. मग जबड्यापाशी जाऊन झेंडू बाजूला केला आणि सोगा ओढून बघितला.

"आडकला व्हता?"

मी मान हलवली. वाटलं, गेलं सगळं! तात्यांचा चेहरा त्यांच्या पागोट्याएवढा लाल झाला. "आमाला दिसभर उपाशी ठेवलास? खोटारड्या! चल गो बाय, या घरात पोर..."

"थांब दादा," आत्याबाई म्हणाल्या. "मी आल्या आल्या बघितलं व्हतं."

"आनि बोलली नायस?"

"म्हटलं, बघू तरी कवा कबूल करतो. आता माझं ऐक. खोटं बोलतो, पन धड जमत नाय त्याला, पार चड्डीवर येतो. आसा नवरा बायकोला लय बरा. पोर सुखात राहील."

तात्या मिशी चावत उभे राहिले. मग त्यांच्या पोटातून घुर्रर्र असा आवाज आला, अंगणात कुणीतरी फिसकन हसलं, आणि तात्या जे हसायला लागले ते पागोटं पडेपर्यंत! "वाढ गो बाय वडे!" आईला म्हणाले. "आनि ह्याला कायतरी नेसव आधी."

लग्न त्याच हंगामात झालं. मांडवात आहेर सुरू झाला. आमच्याकडच्या सगळ्या मानकऱ्यांना धोतरजोडी मिळाली. मामालासुद्धा मिळाली. मीही पाटावर बसून हात पुढे केला. तात्यांनी माझ्या हातावर ठेवली एक खाकी पँट आणि तिच्यावर चामड्याचा जाडजूड पट्टा.

सगळा मांडव बघत होता. शेजारी मुंडावळ्यांआडून म्हशाच्या जत्रेतलं तेच हसू फुटलं. आणि तात्या माझ्या कानाशी वाकून म्हणाले, "पट्टा आवळून बांधा, जावईबापू. आज पुन्हा उराशी धरनार हाय मी तुमाला!"